संगणक-जाळ्याची मूलतत्त्वे आणि आपले परीक्षार्थी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-सभेत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस जो विषय नेमून दिला तो ऐकून आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. जन्मभर मराठी शाळेत अंकगणित शिकविलेल्या आणि मॅट्रिकपलीकडे पुस्तकी शिक्षण न झालेल्या मनुष्याने संगणकांच्या जाळ्यावर, ज्यास हल्ली लहानथोर सारेच नेटवर्किंग म्हणतात त्यावर, बोलावे हे वरकरणी विचित्रच आहे. परंतु गेली काही वर्षे समाजातील मुले या विषयाच्या परीक्षांची पुस्तके घेऊन आमच्या ओसरीवर येत असतात, आणि त्यांच्याबरोबर बसून ती पुस्तके आम्हीही वाचली आहेत. त्या वाचनातून आमचे एक मत बनले. ते असे की, या विद्येचा पाया म्हणजे पत्ता लिहिणे, माल पोहोचविणे आणि मोजून कापणे एवढाच आहे. आणि शिंप्याच्या मुलास, त्याने मन घातल्यास, तो आपल्या गावी बसून समजण्यासारखा आहे. जो हा पाया सोडून नुसती उत्तरे पाठ करतो त्याचे पैसे बुडतात, आणि पुष्कळदा त्याच्या बापाचेही बुडतात.

पैशाची गोष्ट आधी बोलून घेतो, कारण तीच आम्हांस अधिक खुपते. सिस्को कंपनीची सीसीएनए नावाची जी परीक्षा आपल्या मुलांत विशेष प्रसिद्ध आहे तिचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे आपल्या पैशात पंचवीस हजारांच्या वर. एकदा नापास झाला की तेवढेच पुन्हा. प्रमाणपत्र मिळाले तरी ते तीन वर्षेच चालते. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. त्यावर शिकवणीवर्गाची फी आणि पुण्यास राहण्याजेवणाचा खर्च. आमच्या ओळखीच्या एका घरी या पायी दोन शिलाईयंत्रे आणि एक इंटरलॉकचे यंत्र विकावे लागले. ज्या वर्गाने फी घेतली त्याचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. नोकरीची हमी तोंडी होती. मुलाच्या हाती पडला तो मागे कोणी कोणी आठवून लिहिलेल्या प्रश्नोत्तरांचा एक गठ्ठा. यास मुले 'डम्प' म्हणतात. मुलगा हुशार होता. त्याने गठ्ठा पाठ केला, परीक्षा उतरला आणि मुलाखतीस गेला. तेथे त्यास विचारले गेले की, एका यंत्राचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होताना दिसतो आहे, तर काय बिघडले असेल? मुलास उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे योग्य जागी सांगूच. येथे इतकेच सांगतो की असे गठ्ठे वापरणे हे परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे, आणि ते उघडकीस आल्यास मिळालेले प्रमाणपत्र रद्द होते.

आता विषयाकडे वळू.

आपण सर्वांनी पत्रावर पिनकोड लिहिलेला आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, सरकारी दळणवळण खात्यातील मोठे अधिकारी व संस्कृतचे नामांकित व्यासंगी होते. अकोल्याचा आकडा ४४४००१, मूर्तिजापूरचा ४४४१०७, अमरावतीचा ४४४६०१, बडनेऱ्याचा ४४४७०१. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या टापूचा. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा होतो, आणि तो अकोला-अमरावतीचा एकच आहे. यवतमाळ मात्र ४४५ मध्ये जाते आणि नागपूर ४४० मध्ये. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपालकचेरीचे. चेन्नईच्या छाननी-कारकुनास अमरावतीची राजकमल चौकातली गल्ली ठाऊक असण्याची काही गरज नसते. त्याने ४४४ पाहिले आणि पत्र वऱ्हाडच्या थैलीत टाकले की त्याचे काम झाले. गल्लीचा विचार अमरावतीच्या पोस्टमनने करावयाचा.

संगणकाच्या जाळ्यातील पत्त्याची रचना हीच आहे. आयपी पत्ता म्हणून ज्यास म्हणतात तो चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.३७, आणि त्यांतील प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत कोणताही असू शकतो. त्याचा पुढचा भाग जाळ्याचा आणि मागचा भाग त्या जाळ्यातील यंत्राचा. वाटेत जे राउटर नावाचे यंत्र असते ते चेन्नईच्या कारकुनाप्रमाणे पुढचाच भाग पाहते. त्याजवळ ४४ ची एक थैली आणि ४४४ ची दुसरी अशा दोन्ही असल्या, तर ते अधिक आकडे जुळणारी थैली निवडते. परीक्षेत हा नियम हमखास विचारतात, आणि पिनकोड ज्यास समजला त्यास तो पाठ करावा लागत नाही.

भेद आहे तो एकाच ठिकाणी, आणि सारी अडचण तेथेच आहे. पिनकोडात जिल्ह्याची रेघ तिसऱ्या आकड्यानंतर कायमची ठरलेली आहे. आयपी पत्त्यातही प्रारंभी तशाच ठरीव जागा होत्या. अ, ब, क असे वर्ग पाडलेले होते. परंतु त्यामुळे ज्यास तीनशे पत्ते हवेत त्यास पासष्ट हजारांचा गठ्ठा घ्यावा लागे. तेव्हा १९९३ साली ही रेघ हवी तेथे ओढण्याची मोकळीक झाली. रेघ कोठे ओढली हे सांगणारा जो दुसरा आकडा पत्त्यासोबत असतो त्यास मास्क म्हणतात. जुन्या पुस्तकांत अजूनही अ-ब-क वर्गांची पाने भरलेली असतात. इतिहास म्हणून ती वाचावी आणि पुढे जावे.

रेघ हवी तेथे ओढता आल्याने मोठी काटकसर झाली खरी, परंतु एकूण पत्त्यांची संख्या त्याने वाढली नाही. ती ४,२९,४९,६७,२९६ एवढीच आहे, आणि पृथ्वीवरील माणसे २०२२ सालीच आठशे कोटींवर गेली. जागतिक कोठारातील मोकळ्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. तरीही घरोघर यंत्रे चालू आहेत, ती कशी? वसतिगृहाचे उदाहरण घ्या. चाळीस मुलांची पत्रे एकाच पत्त्यावर येतात. आत कोण कोणत्या खोलीत आहे हे अधीक्षकाच्या वहीत असते. घरच्या राउटरने जी वही ठेवावयाची तिचे नाव नॅट. आतल्या खोल्यांसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. ते कोणत्याही घरात पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण बाहेरच्या रस्त्यावर चालत नाहीत. कायमचा उपाय म्हणून पत्त्याची सहावी आवृत्ती निघालेली आहे. तिच्यात ३२ च्या जागी १२८ द्विमान अंक असतात. परीक्षार्थ्याने तीही शिकावी, परंतु चौथी पक्की झाल्यावर.

आता माल पोहोचविण्याची गोष्ट. येथे आम्हांस मूर्तिजापूरचे स्टेशन आठवते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी शकुंतला गाडीने प्रवास केलेला आहे. किलिक निक्सन कंपनीने घातलेली ही अडीच फुटी रुळांची वाट मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरास आणि दुसरीकडे यवतमाळास जाई. ती गाडी आता बंद पडली आहे. ती मुळात घातली गेली कापसासाठी. अचलपूरहून मुंबईस जावयाची कापसाची गाठ अरुंद रुळांवरच्या लहान डब्यातून मूर्तिजापुरास येई. मुंबईचे रूळ साडेपाच फुटी. लहान डबा त्यांवर चढणे शक्यच नव्हते. तेव्हा हमाल गाठ उतरवीत आणि मोठ्या वाघिणीत चढवीत. डबा बदलला, डब्याचा क्रमांक बदलला, गाठ मात्र तीच राहिली आणि तिच्यावर रंगाने लिहिलेला मुंबईचा पत्ताही तोच राहिला.

विद्यार्थीमित्रहो, या एका दृश्यात या विद्येतले दोन मजले आलेले आहेत. गाठीवरचा पत्ता म्हणजे आयपी पत्ता. तो निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सामान्यतः बदलत नाही. अपवाद आताच सांगितलेल्या वसतिगृहाच्या वहीचा. डब्याचा क्रमांक म्हणजे मॅक पत्ता. तो ४८ द्विमान अंकांचा असून यंत्रातील जोडणीच्या भागास कारखान्यातच दिलेला असतो. तो एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंतच कामाचा. प्रत्येक राउटर हे एक मूर्तिजापूर आहे. तेथे जुना डबा सोडून माल नव्या डब्यात भरला जातो. स्विच नावाचे यंत्र मात्र एकाच स्टेशनच्या आवारातील सांधेवाल्यासारखे असते. कोणता डबा कोणत्या फलाटावर न्यावयाचा एवढे ते मॅक पत्त्यावरून ठरविते. गाठीवर मुंबई लिहिले आहे की मद्रास, याच्याशी त्याचा संबंध नाही. "स्विच आणि राउटर यांतील फरक सांगा" या प्रश्नास मुले दहा ओळी पाठ म्हणून दाखवितात आणि अकराव्या ओळीस अडखळतात. मूर्तिजापूर डोळ्यांपुढे आणले तर एकही ओळ पाठ करावी लागणार नाही.

मोठ्या वाघिणीतला माल लहान डब्यात भरावयाचा झाल्यास तो दोन-तीन डब्यांत वाटावा लागे. जाळ्यातही तसेच होते. साध्या इथरनेटच्या डब्यात १५०० बाइटांहून अधिक माल मावत नाही. पुढचा डबा त्याहूनही लहान असेल तर चौथ्या आवृत्तीत राउटर त्या मालाचे तुकडे पाडू शकतो. सहाव्या आवृत्तीत वाटेतल्या राउटरास ही मुभा ठेवलेली नाही. पाठविणाऱ्यानेच बेताने भरावे, असा दंडक आहे.

अमरावतीचे स्टेशनही एक गोष्ट शिकविते. नरखेडचा मार्ग होईपर्यंत अमरावतीच्या उतारूस रेल्वेने कोठेही जावयाचे झाले, कलकत्त्यास असो की मुंबईस, तरी पहिल्याने बडनेऱ्यास यावेच लागे. पुढचा मार्ग बडनेऱ्याने ठरवावा. यंत्रास जेव्हा आपल्या जाळ्याबाहेरच्या पत्त्यावर माल पाठवावयाचा असतो तेव्हा ते तो ज्याच्या स्वाधीन करते त्यास डिफॉल्ट गेटवे म्हणतात. तो त्या यंत्राचा बडनेरा होय. पत्ता आपल्याच जाळ्यातला आहे की बाहेरचा, हे यंत्र कसे ओळखते? मास्कची रेघ लावून आपला पुढचा भाग आणि त्याचा पुढचा भाग ताडून पाहते. जुळला तर आपल्याच वाड्यातला. मग एआरपी या रीतीने "या पत्त्याचा धनी कोण, त्याने आपला डबा-क्रमांक सांगावा" अशी वाड्यात हाक मारते आणि माल थेट देते. जुळला नाही तर बडनेरा. आमच्या समजुतीप्रमाणे साऱ्या अभ्यासक्रमात याहून महत्त्वाची गोष्ट नाही. २०२० सालापासून लागू झालेल्या सीसीएनएच्या अभ्यासक्रमात सर्वांत मोठा वाटा, शेकडा २५, मार्गदर्शनाच्या या प्रकरणासच दिलेला होता.

माल पोहोचला की नाही याची पावती घेणे हा त्यावरचा मजला. साधे कार्ड टाकले तर पावती नाही, रजिस्टर पत्रास पोचपावती येई. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, परंतु पोचपावतीचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. टीसीपी ही पावती घेणारी रीत. प्रत्येक तुकड्यास अनुक्रमांक, प्रत्येकाची पोच, आणि पोच न आल्यास तो तुकडा पुन्हा. आरंभी तीन वेळा बोलणे होते: "माझे ऐकू येते का?" "येते, माझे तुम्हांस येते का?" "येते." यूडीपी ही कार्डाची रीत. दूरवरून गाणे ऐकताना एखादा सूर गळला तर तो दोन मिनिटांनी परत पाठवून उपयोग काय? तेथे कार्डच बरे. एकाच घरात पत्र कोणाच्या हाती द्यावयाचे हे पोर्टच्या क्रमांकावरून ठरते. ४४३ म्हणजे सुरक्षित संकेतस्थळ, ५३ म्हणजे नाव विचारण्याची डीएनएस सेवा, २२ म्हणजे दुरून यंत्र चालविण्याची सुरक्षित रीत, २५ म्हणजे विद्युत्-टपाल. असे पंधरा-वीस क्रमांक मात्र पाठच करावे लागतात. पाढ्यांस जसा पर्याय नाही तसा यांसही नाही.

आता कापण्याकडे येतो. येथे आम्ही थोडा वेळ अधिक घेणार आहोत, कारण परीक्षार्थी सर्वांत जास्त भितात ते येथेच, आणि आपल्या समाजाने भिण्याचे तर काहीच कारण नाही.

प्रथम द्विमान अंक. आमच्या वडिलांच्या दुकानातील तराजूशेजारी शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक ही वजने होती. शेराचे सोळा छटाक, अच्छेराचे आठ, पावशेराचे चार, नवटाकाचे दोन. प्रत्येक वजन आपल्या मागच्याच्या दुप्पट. तेरा छटाक तोलावयाचे तर अच्छेर, पावशेर आणि छटाक ठेवावे, नवटाक उचलून घ्यावे. ठेवले तेथे १ लिहा आणि उचलले तेथे ० लिहा: ११०१. हीच द्विमान पद्धती. दशमान वजने आली आणि हा सोपा खेळ मुलांच्या हातून गेला. पत्त्याच्या प्रत्येक आकड्यात अशी आठ वजने असतात: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. सर्व ठेवली की २५५ होतात. पहिली दोनच ठेवली की १९२, तीन ठेवली की २२४, चार ठेवली की २४०. मास्कमध्ये वजने नेहमी डावीकडून सलग ठेवतात, मध्ये फट पडू देत नाहीत. म्हणून तेथे हे ठरावीक आकडेच दिसतात.

आता कापडाचा तागा घ्या. १९२.१६८.१०.० हे जाळे, रेघ २४ व्या अंकानंतर. मागे राहिले आठ अंक, म्हणजे २५६ वारांचा तागा. त्यांतून चार कपडे काढावयाचे आहेत. वसतिगृहात ५० यंत्रे आहेत, वाचनालयात २५, कचेरीत १०, आणि दोन राउटरांस जोडणाऱ्या तारेच्या दोन टोकांस २ पत्ते पाहिजेत. तुकडा दुपटीच्या मापानेच कापता येतो, म्हणजे ४, ८, १६, ३२, ६४ असा. शिवाय प्रत्येक तुकड्याचे पहिले व शेवटचे टोक शिवणीत जाते. पहिला पत्ता हे त्या जाळ्याचे नाव असते, आणि शेवटचा सर्वांस एकदम हाक मारण्याचा. ते कोणत्याही यंत्रास देत नाहीत.

कापणारा सुज्ञ असेल तर आधी मोठा भाग बेतील. सदऱ्याची पाठ आधी आखावी, कॉलर मागून. कॉलर आधी मधोमध कापून बसल्यास पाठीस कापड पुरत नाही, हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. तर वसतिगृहाच्या ५० साठी ६४ चा तुकडा: ० ते ६३. यंत्रांस मिळाले १ ते ६२. मास्कचा शेवटचा आकडा १९२, रेघ २६ वर. पुढे वाचनालयाच्या २५ साठी ३२ चा तुकडा: ६४ ते ९५, वापरण्याजोगे ६५ ते ९४, मास्क २२४, रेघ २७ वर. कचेरीच्या १० साठी १६ चा: ९६ ते १११, वापरण्याजोगे ९७ ते ११०, मास्क २४०, रेघ २८ वर. तारेसाठी ४ चा: ११२ ते ११५, त्यांपैकी ११३ व ११४ दोन टोकांस, मास्क २५२, रेघ ३० वर. ११६ पासून २५५ पर्यंतचे १४० पत्ते शिल्लक राहिले. ते पुढच्या वर्षीच्या कामास.

एक पथ्य तेवढे पाळावयाचे. तुकडा आपल्या मापाच्या पटीतील आकड्यावरच सुरू झाला पाहिजे. ६४ चा तुकडा ०, ६४, १२८ किंवा १९२ वर सुरू होईल. ४० वर होणार नाही. समजा, कोणी तारेचा चाराचा तुकडा आधी ० वर कापला, तर ६४ चा तुकडा ४ वर सुरू करता येत नाही, एकदम ६४ वर जावे लागते, आणि मधले कापड कतरणीत पडते. बारीक कामास ते वापरता येईल, पण अंगरख्यास नाही. ज्या मुलास हे पटते त्यास परीक्षेतील असा प्रश्न कागदाच्या कोपऱ्यावर एका मिनिटात सुटतो. रोज पाच उदाहरणे दोन महिने करावी. पूर्वी पावकी-निमकी जशी घोकून घेत असत तसेच हे आहे. आधी समजून घ्यावे, मग हात बसवावा.

पुस्तकांत सात मजल्यांचा एक मनोरा काढलेला असतो. तो आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ साली प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष जगात चालते ती टीसीपी-आयपीची चार मजल्यांची रचना. अमेरिकेतील अर्पानेट या मूळ जाळ्याने ती १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारली. सात मजल्यांची नावे सांगता यावीत, परंतु त्या मनोऱ्याची खरी योग्यता बिघाड शोधताना कळते. जिना तळापासून चढावा. प्रथम तार. जोडणीपाशी दिवा लागतो का? तांब्याची तार १०० मीटरांहून लांब तर ओढलेली नाही ना? तारेच्या आतील आठ धागे जोडीजोडीने पीळ दिलेले असतात, ते बाहेरच्या विजेचा उपद्रव परस्परांत विरून जावा म्हणून. टोक बसविताना पीळ गरजेपुरताच, अर्ध्या इंचाहून कमी, उकलावा. रंगांचा क्रम एका प्रचलित रीतीप्रमाणे असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सुईत दोरा ओवणाऱ्या हातास हे काम एका दुपारी येते, आणि मुलींच्या हातास आमच्या अनुभवाने अधिक लवकर येते. मुलींस हा विषय नको म्हणणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी.

तार ठीक असेल तर पत्ता पाहावा. यंत्र सुरू झाले की ते डीएचसीपी नावाच्या व्यवस्थापकास विचारते: "पत्ता देणारे कोणी आहे काय?" व्यवस्थापक एक पत्ता देऊ करतो, यंत्र "हाच द्या" म्हणते, तो "दिला" म्हणतो. व्यवस्थापकाकडून उत्तरच आले नाही तर पुष्कळ यंत्रे स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतात. मुलाखतीतील प्रश्नाचे उत्तर ते हे. तार तुटली असेल, व्यवस्थापक बंद असेल, किंवा मध्ये राउटर असून त्याने ही हाक पलीकडे पोहोचविलेली नसेल. कारण अशी हाक राउटर आपण होऊन ओलांडू देत नाही. पत्ता नीट असेल तर बडनेऱ्यास, म्हणजे गेटवेस, पिंग करून पाहावे. तेथून उत्तर आले तर बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्यास. आकड्याने पोहोचतो आणि नावाने पोहोचत नाही, तर दोष डीएनएसचा. या क्रमाने चालणारा मुलगा दहा मिनिटांत जे काम करील त्यासाठी दुसरा दिवसभर यंत्रे बंद-चालू करीत बसेल.

आणि हे काम केवळ पुण्यामुंबईस आहे असे नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. आपल्या मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ साली डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले. इस्पितळे, बँका, महाविद्यालये, जिनिंगचे कारखाने, सर्वत्र जाळी पसरली आहेत, आणि जाळे म्हटले की ते तुटणार व सांधणारा लागणार. पहिला पगार मोठा नसतो, हे मुलांनी व विशेषतः त्यांच्या मातापित्यांनी आधीच जाणून असावे. प्रमाणपत्राने दार उघडते. आत टिकणे हाताच्या कामावर आहे.

आमच्या वऱ्हाडी मुलांस इंग्रजीची धास्ती फार. परीक्षा इंग्रजीत असते हे खरे. आमचा प्रयोग असा की कल्पना मराठीत समजून घ्यावी, संज्ञा मात्र जशीच्या तशी इंग्रजी ठेवावी. राउटर, स्विच, मास्क, गेटवे यांस नवे मराठी शब्द बनविण्याचा हव्यास आम्ही धरीत नाही. बटण आणि बॉबिन हे शब्द आपण पचविलेच आहेत. खर्चाचे म्हणाल तर सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सरावाचे साधन विनामूल्य मिळते, त्यात पडद्यावरच सारे जाळे मांडता येते. आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या अध्यापकांची या विषयावरील व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. रोज दीड तासाप्रमाणे सहा महिने दिले तर गावी राहून तयारी होते.

मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. या परीक्षेचे शुल्क समितीने द्यावे, परंतु शिकवणीवर्गाच्या पावतीवर देऊ नये. विद्यार्थ्याने समितीसमोर बसून कोऱ्या कागदावर एक जाळे कापून दाखवावे, एका तारेची दोन्ही टोके बसवून दाखवावी, आणि मुद्दाम बिघडविलेले एक यंत्र चालू करून दाखवावे. ज्यास ही तीन कामे येतील त्याचे शुल्क मंडळाने आनंदाने भरावे, मुलगा असो वा मुलगी, अकोल्याची असो वा अमरावतीची. याकरिता वसतिगृहाच्या मागच्या खोलीत दोन जुने स्विच, एक जुना राउटर, तारेचे ३०५ मीटरांचे एक खोके आणि टोके दाबण्याचा चिमटा एवढे साहित्य हवे. जुनी यंत्रे कचेऱ्यांतून व बँकांतून निकालात निघतात. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनी चिटणिसांस कळवावे. खोलीस कुलूप असून किल्ली अधीक्षकांकडे आहे. रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही तेथे बसू. मुलांनी पट्टी, पेन्सिल आणि चौकटींची वही आणावी.